नाही म्हणायला काय लागतं

आमच्या घरी स्थळाला नकार कळवायची भाषा ठरलेली होती. 'पत्रिका जुळत नाही.' मुलगा आवडला नसेल, पगार कमी वाटला असेल, होणाऱ्या सासूबाईंचा तोंडाचा पट्टा पोह्यांची बशी खाली ठेवायच्या आत कळला असेल, पोस्टकार्डावर मजकूर तोच. ज्या पत्रिका कुणी उघडूनही बघितल्या नव्हत्या, त्या जुळेनाशा व्हायच्या. समोरूनही हेच उत्तर यायचं. सगळं ग्रहांच्या माथी मारलं की उद्या देवळात एकमेकांसमोर यायला दोन्हीकडच्यांना अडचण नाही.

म्हणूनच असेल, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला जेन ऑस्टिनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' लागलं तेव्हा एलिझाबेथ बेनेटचा पहिला नकार वाचून मी चाट पडले. पोरगी तोंडावर नाही म्हणते. दिवाणखान्यात, दिवसाढवळ्या, स्वतःच्या तोंडाने. आणि मागणी घालणाऱ्या मिस्टर कॉलिन्सना ते कळतच नाही. घरंदाज मुली पहिल्यांदा नाहीच म्हणतात, कधीकधी दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही म्हणतात, अशी त्यांची पक्की समजूत. आम्ही वर्गात हसून हसून बेजार.

त्या हसण्यात कॉलिन्स आणखी काय बोलून गेले ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्या वाट्याला येणार ते हजार पौंड, चार टक्क्यांच्या सरकारी रोख्यांतले, तेही आईच्या मागे. एवढ्याशा पैशात तुझं रूप वाया जाणार, दुसरं कुणी विचारील याचा भरवसा धरू नकोस. कॉलिन्स मूर्ख आहेत, पण त्यांचा हिशेब चोख आहे. पुढे मी तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच मुदत ठेवींच्या काउंटरवर. आता पुस्तक उघडलं की पेन्सिल आपोआप हातात येते. हजाराचे चार टक्के म्हणजे वर्षाला चाळीस पौंड. त्याच कादंबरीतल्या नायकाचं, डार्सीचं, वर्षाचं उत्पन्न दहा हजार. अडीचशे पट.

जेन ऑस्टिन वाचताना हे आकडे ओलांडून पुढे जायची सवय आपल्याला सिनेमांनी लावली. हिरवळ, टोप्या, पावसात भिजलेला नायक. मूळ पुस्तकात माणूस खोलीत शिरतो तो आकड्यासकट. बिंग्ली चार-पाच हजारवाला, त्याची बहीण वीस हजारवाली, डार्सीची बहीण तीस हजारवाली. आमच्याकडे लग्नाआधी याद्या व्हायच्या. कागदाच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू, खाली मानपान, तोळे, कुणी कुणाला काय द्यायचं, आणि शेवटी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या. इंग्लंडात हेच काम वकील करत. मुलीचे किती, नवरा मेल्यावर तिला वर्षाला किती, हातखर्चाला किती, मुलांच्या नावे किती. ऑस्टिनच्या कादंबऱ्या मला आता याद्यांच्या मागच्या बाजूला लिहिलेल्या वाटतात. एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया विकहॅमबरोबर पळून जाते, त्या लग्नाची यादी तर ऐकण्यासारखी आहे. त्याचं हजाराहून जास्त देणं फेडायचं, तिच्या नावे आणखी हजार ठेवायचे, वर त्याला सैन्यातली जागा विकत घेऊन द्यायची. तेव्हा कुठे नवरदेव चर्चची पायरी चढतात.

बेनेट बाईंना हसायची तर जगभर रीत आहे. माझा जीव मात्र दिवसेंदिवस त्यांच्याकडे झुकत चाललाय. नवऱ्याचं उत्पन्न वर्षाला दोन हजार, पण जमीन फक्त पुरुष वारसाकडे, म्हणजे या कॉलिन्सकडे, जाणार अशी कागदोपत्री बांधलेली. मुलगा होईल, तो सज्ञान झाला की बाप-लेक मिळून ते बंधन तोडतील, मग सगळ्यांची सोय लागेल, अशा हिशेबात बेनेट साहेबांनी एक पैसा मागे टाकला नाही. मुली झाल्या पाच. धाकटीनंतरही काही वर्षं मुलाची वाट बघण्यात गेली, आणि मग काटकसर सुरू करायला उशीर झाला होता. हे गृहस्थ पुस्तकांच्या खोलीत बसून बायकोवर विनोद करतात आणि वाचक त्यांच्या बाजूने हसतो. नवरा मेल्यावर आपल्याला घराबाहेर काढतील ही भीती त्या घरात एकटी बाई बोलून दाखवते. किंचाळून, नको तिथे, चारचौघांत, पण बोलते. खोटं काय बोलते?

एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्सना तीन दिवसांत तिची मैत्रीण शार्लट होकार देते. सत्तावीस वर्षांची, दिसायला बेताची. आपल्याकडे तिला घोडनवरी म्हटलं असतं. वर्गात आम्ही सगळ्याजणी तिच्यावर चिडलो होतो. या खेपेला वाचताना मी लुकस मंडळींच्या, म्हणजे शार्लटच्या माहेरच्यांच्या, आनंदाचा परिच्छेद दोनदा वाचला. आई लगेच अंदाज बांधायला लागते की बेनेट अजून किती वर्षं जगतील. धाकट्या बहिणींना वाटतं, आता आपला नंबर वर्षभर तरी आधी लागेल. आणि भाऊ खूश, कारण शार्लट बिनलग्नाची मरेल ही त्यांची काळजी मिटली. एवढंच वाक्य आहे ते. बहीण बिनलग्नाची राहिली तर पोसायची कुणी, हा प्रश्न लेखिकेने भावांच्या सुटकेच्या नि:श्वासात ठेवला आणि पुढे गेली.

लग्नानंतरची शार्लट बघायला एलिझाबेथ केंटला जाते. बसायची खोली शार्लटने मागच्या अंगाची निवडलीय, लहान, कमी प्रसन्न. एलिझाबेथला आधी कारण कळत नाही, मग कळतं. ही खोली नवऱ्याच्या पुढच्या खोलीइतकी छान असती तर तो इथेच येऊन बसला असता. बागकाम प्रकृतीला चांगलं असतं, असंही शार्लट त्याला वारंवार सांगते. माझ्या ओळखीत निदान चार बायका आहेत ज्यांनी नवऱ्याला सकाळ-संध्याकाळ फिरायला जायचं वेड लावलंय. बागेची सोय नव्हती म्हणून.

आता लेखिकेबद्दल. २ डिसेंबर १८०२, गुरुवार. हँपशरमधल्या मॅनीडाउन नावाच्या मोठ्या घरात जेन आणि तिची बहीण कॅसँड्रा पाहुण्या होत्या. त्या घरच्या मुली त्यांच्या मैत्रिणी, आणि मुलींचा भाऊ हॅरिस बिग-विदर त्या इस्टेटीचा वारस. तो एकवीस वर्षांचा, ती पंधरा दिवसांत सत्तावीसची होणार. शार्लटचंच वय. त्याने मागणी घातली आणि ती हो म्हणाली. घरात आनंदीआनंद झाला असणार. रात्र गेली, सकाळी तिने नकार दिला.

त्या रात्री तिच्या मनात काय चाललं होतं याचा एक शब्द मागे उरलेला नाही. पुढे कॅसँड्राने तिची बहुतेक पत्रं जाळून टाकली. मला जास्त गुंतवून ठेवते ती दुसऱ्या दिवशीची गडबड. दोघी बहिणी भावाच्या घरी, स्टीव्हनटनला परतल्या आणि हट्ट धरून बसल्या, की आम्हाला ताबडतोब बाथला, वडिलांकडे पोचव. भाऊ जेम्स पाद्री होता, रविवारची प्रार्थना त्याच्या अंगावर. ती त्याला दुसऱ्या कुणावर सोपवावी लागली. त्यांच्या थरातल्या मुलींनी एकटीने भाड्याच्या गाडीतून एवढा प्रवास करायचा नसे. तिला जो नकार द्यायचा होता तो तिने दिला, पण त्या नकारापासून लांब जायला सोबत भावाचीच लागली. (हॅरिसचं पुढे ठीक झालं. दोन वर्षांत त्याने दुसऱ्या मुलीशी लग्न केलं आणि त्यांना दहा मुलं झाली. दहा हा आकडा वाचून मला जेनच्या वतीने हुश्श वाटलं.)

नकाराचं बिल यायला दोन वर्षं लागली. १८०५च्या जानेवारीत वडील गेले. मागे आई आणि दोन मुली. आईचं आणि कॅसँड्राचं मिळून थोडं उत्पन्न होतं. कॅसँड्राचा वाङ्‌निश्चय झालेला मुलगा वेस्ट इंडीजमध्ये तापाने वारला, तो तिच्या नावे हजार पौंड ठेवून गेला होता, त्याचं व्याज. जेनच्या नावे काही नाही. मग भावांनी वर्गणी काढली. मुलांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्षाला किती द्यायचे ते ठरवलं. नौदलातल्या फ्रान्सिसने शंभर देऊ केले, आई म्हणाली, पन्नास पुरेत. हे चांगले भाऊ होते. तरी पुढची चार वर्षं या बायका आज या गावात भाड्याने, उद्या त्या भावाकडे, अशा हिंडत राहिल्या. १८०९ साली एडवर्डने चॉटनमधलं एक घर त्यांना राहायला दिलं, तेव्हा कुठे बूड टेकलं. एडवर्डला श्रीमंत नातेवाइकांनी दत्तक घेतलं होतं, त्या इस्टेटीतलं ते घर. ज्या सहा कादंबऱ्यांवर आज एवढं चाललंय, त्या सगळ्या त्या टेकलेल्या बुडानंतर छापल्या गेल्या.

आणि चांगले नसलेले भाऊ कसे वागतात ते 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'च्या दुसऱ्या प्रकरणात आहे. भाऊबंदकीवर मी मराठीत पुष्कळ वाचलंय, पण या चार पानांना तोड नाही. मरताना बापाने मुलाकडून वचन घेतलंय, सावत्र आईला आणि बहिणींना बघ. मुलाच्या मनात तीन हजार द्यायचे आहेत. त्याची बायको बोलायला सुरुवात करते. तीनाचे दीड होतात. मग एकरकमी नको, आईला वर्षाला शंभर देऊ. छे, वर्षासन लावून दिलं की माणसं मरतच नाहीत, असं ती म्हणते. मग अधूनमधून पन्नास. शेवटी ठरतं की वडिलांच्या मनात पैशाचं नव्हतंच मुळी, सामान हलवायला मदत करावी आणि हंगामात मासे आणि शिकार पाठवावी एवढंच असणार. एकही आवाज चढत नाही. नवरा तर मधूनमधून बायकोच्या शहाणपणाचं कौतुक करतो.

आमचे आजोबा गेले तेव्हा ते बाबांना म्हणाले होते, "हिच्याकडे बघ." ही म्हणजे आत्या.

आत्याला एक स्थळ आलं होतं, कोल्हापूरचं, बिजवर, पदरी दोन मुलं. ती सव्वीस वर्षांची होती आणि साताऱ्यात एका शाळेत शिकवत होती. ती नाही म्हणाली. पत्रिकेचं नाव न घेता, आजोबांच्या समोर उभी राहून. आजोबा तीन महिने तिच्याशी बोलले नाहीत, असं आजी सांगायची. त्यानंतर स्थळं आली नाहीत. तिचा पगार महिन्याच्या एक तारखेला आजोबांच्या हातात जायचा, नंतर बाबांच्या. त्याबद्दल कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही. माडीवरची लहान खोली तिची. दिवाळीला आई तिला साडी घ्यायची आणि ती दरवर्षी म्हणायची, कशाला एवढी भारी. मासे आणि शिकार आमच्याकडे नव्हती एवढंच.

आत्या बोलायची फार. शाळेतलं, भाजीवालीचं, कुणाच्या नातवाच्या बारशाचं, एकातून दुसरं. 'एमा' वाचताना मिस बेट्स बोलायला लागली की मला माडीच्या जिन्यावरून उतरणारी आत्या ऐकू येते. मिस बेट्स पाद्र्याची मुलगी, बिनलग्नाची, म्हातारी आई आणि ती दोघी भाड्याच्या खोल्यांत. लोक सफरचंदं पाठवतात, डुकराच्या मांसाचा तुकडा पाठवतात, आणि ती प्रत्येक सफरचंदाचे आभार अर्धा तास मानते. तिचं बोलणं हीच तिची परतफेड आहे हे एमाला कळत नाही. एमाकडे तीस हजार पौंड आहेत. बिनलग्नाची बाई गरीब असली तरच ती हास्यास्पद ठरते, पैसेवाली असली तर तिला मान असतो, असं ती स्वतःच आधी एकदा खुशाल म्हणून गेलीय. मग बॉक्स हिलच्या सहलीत एक खेळ निघतो, प्रत्येकाने एक चतुर गोष्ट सांगायची किंवा तीन कंटाळवाण्या. मिस बेट्स हसत म्हणते, तीन कंटाळवाण्या मला सहज जमतील. एमा म्हणते, पण एका वेळी तीनच हं.

मी आठवीत होते. घरी पाहुणे जेवायला होते, आत्या वाढता वाढता काहीतरी सांगत होती, आणि मी म्हटलं, "आत्या, तुझा रेडिओ बंद कर ना थोडा." सगळे हसले. आत्याही हसली. नंतर तिने आमटी वाढली आणि बोलली नाही. एमाला निदान घरोब्यातल्या नाइटलीने बाजूला घेऊन झापलं होतं, ती गरीब आहे, सुखातून खाली आलीय, तिला हसणं तुला शोभलं नाही म्हणून. मला कुणी झापलं नाही. विनोद चांगला झाला होता.

जेनलाही एक आत्या होती. वडिलांची बहीण, फिलाडेल्फिया. अनाथ, पैसा नाही, कोव्हेंट गार्डनमध्ये टोप्या-झालरींचं काम करणाऱ्या बाईकडे उमेदवारीला ठेवलेली. १७५२ साली, एकविसाव्या वर्षी, ही मुलगी जहाजात बसून मद्रासला आली. नवरा मिळवायला. इकडे कंपनीचे गोरे पुष्कळ आणि गोऱ्या बायका कमी, त्यामुळे हुंड्याशिवाय खपून जायची शक्यता होती. वर्षाच्या आत तिचं लग्न कडलूरच्या एका सर्जनशी लागलं. टायसो सॉल हँकॉक त्याचं नाव. बऱ्याच वर्षांनी, १७६१ साली, कलकत्त्यात तिला मुलगी झाली. वॉरन हेस्टिंग्ज तिचा धर्मपिता, आणि पुढे त्याने तिच्या नावे दहा हजार पौंड ठेवले. त्यावरून तेव्हाही लोक कुजबुजत होते आणि चरित्रकार अजून कुजबुजतात. मला त्यात रस नाही. मला दिसते ती सहा महिने जहाजावर बसलेली, अजून न पाहिलेल्या कुणाला तरी हो म्हणायला निघालेली मुलगी. पुढच्या शतकात मुंबई-कलकत्त्याला अशा मुली दर थंडीत येऊ लागल्या, तेव्हा इंग्रजांनीच त्यांना 'फिशिंग फ्लीट' म्हटलं, आणि ज्यांचं जमलं नाही त्यांना 'परत आलेले रिकामे डबे'.

आत्याची ही गोष्ट जेनला ठाऊक होती. सतराव्या वर्षाच्या आत तिने अर्धवट सोडलेल्या एका कथेत अशीच एक मुलगी बंगालला पाठवली जाते आणि दुप्पट वयाच्या माणसाशी तिचं लग्न लागतं. केवढं तिचं नशीब, असं एक श्रीमंत पोरगी त्यावर म्हणते. नायिकेला ते ऐकवत नाही. जेनने हॅरिसची मागणी नाकारायच्या दहा वर्षं आधीची ही कथा.

भाचीला लिहिलेल्या दोन पत्रांत जेनने या विषयाची दोन टोकं धरून ठेवलीत. १८१४ साली ती लिहिते, प्रेमाशिवाय लग्न करण्यापेक्षा दुसरं काहीही सोसलेलं बरं. १८१७ च्या मार्चमध्ये त्याच भाचीला लिहिते, बिनलग्नाच्या बायकांना गरीब होण्याची भयंकर खोड असते, आणि लग्नाच्या बाजूने हा एक फार भक्कम मुद्दा आहे. पहिलं वाक्य लोक भिंतीवर लावतात. दुसरं लिहिल्यावर चार महिन्यांनी ती गेली, एक्केचाळिसाव्या वर्षी. जे काही थोडं मिळवलं होतं ते कॅसँड्राला, पन्नास पौंड भाऊ हेन्रीला, आणि पन्नास पौंड मादाम बिजाँ नावाच्या बाईंना. हेन्रीकडे घर सांभाळायच्या त्या.

खरा फाटका नकार बघायचा तर शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर' या कादंबरीकडे जायला हवं. जेन एअर थॉर्नफिल्डला वर्षाला तीस पौंडांवर मुलीला शिकवते. मालकाशी लग्न ठरतं, आणि चर्चमध्ये उभं राहिल्यावर कळतं की त्याची पहिली बायको वरच्या मजल्यावर कोंडलेली आहे. रोचेस्टर विनवतो, फ्रान्सच्या दक्षिणेला जाऊ, पांढरं घर आहे, तुला कोण विचारणार आहे, तुझं आहे कोण? ती म्हणते, माझी मी आहे. पहाटे घरातून निघते. जवळ वीस शिलिंग. गाडीवाल्याला भाडं तीस हवं असतं, तो वीसवर जमेल तेवढं नेतो आणि चार रस्ते फुटतात तिथे उतरवतो. गाठोडं गाडीतच राहतं. पुढचे दिवस ती उघड्यावर काढते. पावाच्या दुकानात रुमाल देऊन एक पाव मागते, दुकानदारीण घेत नाही. एक लहान मुलगी थंडगार लापशी डुकराच्या द्रोणीत ओतायला निघालेली असते, ती मागून खाते. प्रेमावर लिहिलेल्या कादंबरीत उपाशी पोटाची इतकी पानं मी दुसरीकडे वाचलेली नाहीत.

पुढे मदेरात वारलेल्या काकाचे वीस हजार तिला मिळतात, ती चौघांत वाटून स्वतःला पाच ठेवते. त्यानंतर सेंट जॉन येतो. मिशनरी, देखणा, बर्फासारखा. त्याने तिचं जर्मन सोडवून तिला हिंदुस्तानी शिकायला लावलंय. माझी बायको म्हणून हिंदुस्तानात चल, म्हणतो. ती म्हणते, बहीण म्हणून येते, मदतनीस म्हणून येते, बायको म्हणून नाही. हा नकार पहिल्यापेक्षा किती वेगळ्या आवाजात आहे! या खेपेला कुणी तिला रस्त्यावर टाकू शकत नाही. पेन्सिल घेऊन बसलेल्या बाईला हे दिसणारच. ब्राँटेला स्वतःलाही एका पाद्र्याने पत्रातून मागणी घातली होती, १८३९ साली. ती नाही म्हणाली आणि परक्यांची मुलं सांभाळायला गेली. १८४१ मधला तिचा पगार सांगायला वीस पौंड, त्यातले चार धुण्याचे कापून जात. सोळा.

वरच्या मजल्यावरची बर्था मात्र हिशेबाबाहेर राहते. जमैकाची मुलगी, तीस हजार हुंडा घेऊन आलेली. तिला कधी काही विचारलं गेलं का, ती काय म्हणाली, पुस्तकात नाही. तशीच ती बेनेटांच्या घरातली न दिसणारी माणसं. नेदरफिल्डच्या नाचाआधी दिवसचे दिवस पाऊस पडतो, मुलींना बाहेर पडता येत नाही, बुटांवर लावायची रेशमी फुलं 'दुसऱ्याकरवी' आणावी लागतात. तो दुसरा किंवा दुसरी भिजतच गेली असणार. तिला पावसात जायला नाही म्हणता येत नव्हतं.

हो म्हणणाऱ्यांचीही एक बाजू होती. इंग्लंडच्या कायद्यात नवरा-बायको म्हणजे एकच व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. याद्यांत वकिलाने वेगळं बांधून ठेवलं नसेल तर बायकोचा पैसा त्याचा, तिने मिळवलेलाही त्याचा. लग्न झालेल्या बाईला स्वतःची मालमत्ता ठेवता यावी म्हणून १८७० आणि १८८२ साली कायदे व्हावे लागले. एलिझाबेथ गॅस्केल तेव्हाची नावाजलेली लेखिका. एका कथेचे वीस पौंड आले तेव्हा तिने मैत्रिणीला लिहिलं, विल्यमने ते शांतपणे खिशात घालून वर बटण लावलं. विल्यम वाईट माणूस नव्हता. १८६५ साली तिने लेखनाच्या पैशातून, प्रकाशकाकडून उचल घेऊन, नवऱ्याला न सांगता एक घर विकत घेतलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्या घरात चहा पिताना ती गेली. ते गाव होलीबर्न. ऑल्टन नावाच्या गावाच्या एका अंगाला होलीबर्न, दुसऱ्या अंगाला जेनचं चॉटन.

या इंग्रजी कायद्यांतलं एक जहाजाने मुंबईला आलं. बायको नांदायला येत नाही म्हणून कोर्टात दावा लावायची रीत मूळची इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतली. १८८४ साली दादाजी भिकाजीने तो दावा रखमाबाईवर लावला. अकराव्या वर्षी लावून दिलेलं लग्न, ती कधी सासरी गेलीच नव्हती. न्यायमूर्ती पिनी यांनी १८८५ साली निकाल तिच्या बाजूने दिला आणि हिंदू धर्मशास्त्रात अशा दाव्याला आधारच नाही, ही इंग्लंडहून आणलेली चीज आहे, असं सांगितलं. अपिलात ते टिकलं नाही. मार्च १८८७ मध्ये तिला हुकूम झाला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तुरुंगात जाईन, म्हणाली ती. या कारणासाठी तुरुंगात टाकायची शिक्षा खुद्द इंग्लंडने १८८४ सालीच काढून टाकली होती. १८८८ साली तडजोड झाली, दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हक्क सोडला. कादंबऱ्यांत नकाराची किंमत आपल्याला हुडकून काढावी लागते, इथे ती चक्क कागदावर आहे. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या.

माझ्या स्वतःच्या नकाराची गोष्ट अगदीच किरकोळ. १९९३ साली एक स्थळ मला आवडलं नाही. बँकेत लागून वर्ष झालं होतं, पगार माझ्या खात्यात जमा होत होता. बाबांनी कारण विचारलं नाही, पोस्टकार्ड टाकलं. पत्रिका जुळत नाही. त्या दिवशी आत्या माडीवरून खाली आली आणि माझ्या हातावर एक पेढा ठेवून परत वर गेली. बोलली काहीच नाही, हे विशेष.

आत्या १९९६ साली निवृत्त झाली. दोन वर्षांनी एके दिवशी जेवताना तिने सांगितलं की गोडोलीकडे एक खोली-स्वयंपाकघराचा ब्लॉक घेतलाय, फंडाचे पैसे होते आणि शिकवण्यांचे थोडे बाजूला टाकलेले होते. शिकवण्यांचे पैसे ती पगाराबरोबर देत नसे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. बाबांचा घास हातातच राहिला. "सांगायचंस तरी," एवढंच ते म्हणाले. आई म्हणाली, "वास्तुशांत केव्हा?"

वास्तुशांतीला दारावर आत्याच्या नावाची पाटी होती, तिने स्वतः रंगवून घेतलेली. गुरुजींनी पाट मांडले, सुपारी ठेवली आणि विचारलं, "यजमान कोण?"

"मी," आत्या म्हणाली.

गुरुजी तिच्याकडे आणि मग आमच्याकडे बघायला लागले. "जोडपं लागतं हो," ते म्हणाले, जरा ओशाळून.

मग बाबा सोवळं नेसून पाटावर बसले, आई त्यांच्या शेजारी, उपरण्याला गाठ मारून. संकल्पात बाबांचं नाव आलं. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नैवेद्याच्या पुरणावर लक्ष ठेवत होती आणि मधूनच गुरुजींना सांगत होती, समई जरा अलीकडे घ्या, पडद्याला लागेल, नवीन पडदा आहे. दक्षिणेची वेळ आली तेव्हा बाबांनी खिशात हात घातला. आत्याने "थांब रे" म्हणत कमरेचं पाकीट काढलं, नोटा मोजल्या आणि गुरुजींच्या ताम्हनात ठेवल्या.